जागसोंग

नवऱ्याच्या शर्टावर लांब केस सापडला असता, तर तिने तो चिमटीत धरून खिडकीबाहेर सोडला असता, वर चार शब्द सुनावले असते आणि विषय संपवला असता. पण नवऱ्याच्या तोंडात परका शब्द सापडला तर बाईने काय करायचं? शब्द काही चिमटीत येत नाही.

रविवारची दुपार होती. नवऱ्याने धाकट्या भावाला फोन लावला, दोन मिनिटं बोलला, फोन बाजूला टाकला आणि उशीला टेकत सहज म्हणाला, "झोपला होता लेकाचा. पण कबूल करेल तर शपथ. नुसतं जागसोंग!"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली खोळ हातातच राहिली.

"काय म्हणालास?"

"झोपला होता म्हटलं."

"त्याच्या पुढचं."

"जागसोंग," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याच्या लक्षात आलं. त्याचे कान लाल झाले. ह्या माणसाला खोटं बोलता येत नाही असं नाही. बोलता येतं, पण कान साथ देत नाहीत.

"तू केलास हा शब्द?"

"नाही... म्हणजे असाच... ऐकला कुठेतरी."

कुठेतरी! चहा कुठेतरी प्यायला म्हण, छत्री कुठेतरी विसरली म्हण. शब्द कुठेतरी ऐकला म्हणजे काय?

आता हे आधीपासून सांगायला हवं, नाहीतर वाटेल की बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती एका लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत फोनवर बसायची. लिफ्ट मधेच अडकली की आतला माणूस लाल बटण दाबतो. ते बटण तिच्या टेबलावर वाजायचं. अशा चार टेबलांवर चौघीजणी आणि चौघींना मिळून एकच मोठा नियम: आतला माणूस बाहेर येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. मेकॅनिकला वीस मिनिटं लागोत नाहीतर दोन तास, तुम्ही बोलत राहायचं. काय वाट्टेल ते बोला, पण त्याला एकटं सोडू नका. अशा वेळी टेबलावर एक लाल पाटी उभी करायची: 'आत माणूस आहे'. पाटी उभी असली की त्या बाईशी कोणी बोलायचं नाही, अगदी साहेबानेसुद्धा नाही.

नवरा तिला तिथेच मिळाला. तो चष्मे बनवणारा. बारा चष्मे गिऱ्हाइकाकडे पोचवायला निघाला आणि चौथ्या-पाचव्या मजल्याच्या मधे अडकला. एक तास चाळीस मिनिटं. सुरुवातीला ती काहीही विचारो, तो आपला 'हं', 'हं'. शेवटी ती वैतागून म्हणाली, "तुमचं आडनाव हंहंकर आहे का हो?" आतून असा हसला की लिफ्ट हलली म्हणे. बाहेर आल्यावर त्याने थेट ऑफिस गाठलं आणि म्हणाला, "मी हंहंकर."

हा त्यांचा पहिला शब्द. मग काय, सवयच लागली. फोन ठेवताना 'बरं तर' अकरा वेळा म्हणून न ठेवणारा तो बरंतरकर. एक घंटी देऊन तुम्हालाच फोन करायला लावणारा तो मिसकंजूस. उसने मागायच्या आधी जो खोकला येतो, तो खोकलप्रस्ताव. पोराला बदडता बदडता फोन वाजला की त्याच गळ्यातून जो मध गळायला लागतो, ती मधघंटी. सगळे शब्द स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलेले, डाळींच्या डब्यांसमोर. नियम एकच: दोघंही हसल्याशिवाय शब्द दारावर चढायचा नाही. नऊ वर्षांत त्रेचाळीस शब्द झाले होते. काहींच्या घरी मुलांची उंची दाराला लिहितात. ह्यांच्या घरी पोर नव्हतं, शब्द होते. आणि त्यातला एकही शब्द तिसऱ्या माणसाचा नव्हता.

म्हणून म्हणते, केस सापडला असता तर परवडलं असतं.

वर दुखणं हे, की शब्द चांगला होता. झोपेचं सोंग सगळ्या जगाला माहीत. पण गाढ झोपेतून उठून घोगऱ्या गळ्याने 'नाही नाही, जागाच होतो' म्हणणाऱ्याला शब्द नव्हता. तिला इतक्या वर्षांत सुचला नव्हता. आणि तो सुचायचा तर आधी कुणीतरी झोपलेलं हवं, मग कुणीतरी उठवायला हवं. झोपेतल्या बाईला फोन करण्याइतकी सलगी! रात्रभर तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. बाजूला नवरा घोरत होता. त्याचं मात्र सोंग नव्हतं.

ऑफिसात तिला 'कानसेन' म्हणायचे. एकदा ऐकलेला आवाज ती विसरायची नाही. तीन वर्षांपूर्वी अडकलेल्या माणसाला तिने नुसत्या खोकण्यावरून ओळखलं होतं: "काय काका, परत तीच लिफ्ट?" तेव्हा कानसेनबाईंनी ठरवलं, ह्या बयेचा आवाज एकदा कानावर पडू दे, मग बघते.

पहिला संशय गेला दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीवर. नवऱ्याकडे निम्मी गिऱ्हाइकं तीच पाठवायची. हिने ऑफिसच्या सुट्टीत दवाखान्यात फोन लावला, आवाज बदलून.

"बोला," पलीकडून आलं.

"डॉक्टर, माझ्या डोळ्यांत ना, खुपतंय काहीतरी."

"या."

"दुपारी आलं तर चालेल? की दुपारी झोपता तुम्ही?"

"या म्हटलं ना," आणि फोन खाली.

ही बाई शब्द करणार? हिला 'बोला' आणि 'या'च्या पुढे मराठी येत नाही! कानसेनबाईंना डॉक्टरणीबद्दल एकदम माया वाटली. पण संशय काही घरी गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. काचा आणून देणारी ती हसरी मुलगी? नवऱ्याच्या वर्गातली ती, जिचं नाव निघालं की तो उगाच पाणी प्यायचा?

आठवड्याने दुसरा घाव बसला. शेजारणीने दारात उभं राहून निरोप घेतला, दोन पायऱ्या उतरली, 'आणि हो, सांगायचं राहिलंच' म्हणत परत वळली आणि अर्धा तास बोलली. ती गेल्यावर नवरा पुटपुटला, "निरोपशेपूट!" आणि लगेच जीभ चावली.

"हा पण कुठेतरी ऐकलास?"

"नाही, हा माझा आहे," तो म्हणाला. कान लाल नव्हते. म्हणजे खरं होतं.

"मग मला का नाही सांगितलास?"

कान लाल.

हे तर त्याहून वाईट. पहिला शब्द निदान बाहेरून आला होता. हा घरात जन्मला आणि बारशाला दुसरीकडे गेला! तिनेही मग इरेला पेटून शब्द करायला घेतले. भांडी घासताना, बसमध्ये, पाटी उभी असताना. 'रेंज नाही' म्हणून पळणारा 'रेंजपळ्या' केला, गावाला ऐकवत बोलणारा 'स्पीकरसम्राट' केला. नवरा हसला, पण ते पाहुण्यांसमोर हसतात तसं. पेन्सिल पुढे करून म्हणाला, "लिही ना." ती म्हणाली, "भीक नको." आणि कपाटाचं दार असं आपटलं की तुरीच्या डाळीचा डबा खाली आला.

त्या गुरुवारी तिला बदली सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमाराला ती न सांगता दुकानात गेली. त्या वेळी गिऱ्हाईक नसतं. पुढे काचेचं कपाट, मागे फळीचा आडोसा आणि आडोशामागे काच घासायचं मशीन. मशीन बंद होतं. नवरा स्टुलावर बसून फोनवर बोलत होता, आणि हसत होता. ते हसू तिला ओळखायला कष्ट पडले नाहीत. लिफ्ट हलवणारं हसू होतं ते, तिच्या मालकीचं.

"नाही, आज मी आधी सांगणार," तो म्हणत होता. "ऐका तरी! ऐका, मग द्या मार्क. गेल्या वेळी तुम्ही अन्यायच केलात."

ऐका! द्या! तुम्ही! म्हणजे अहो-जाहोची भानगड. बाई मोठ्या घरची दिसते, नाहीतर वयाने मोठी. लाज कशी वाटत नाही! आणि मार्क कसले देते सटवी?

तिने आडोसा ओलांडला आणि फोन त्याच्या हातातून हिसकावून कानाला लावला. नवरा "अगं, अगं" करत उठला. स्टूल आडवं झालं.

"हॅलो? पळालात की काय?" पलीकडून आवाज आला. "सहाच्या वर मिळणार नाहीत, आधीच सांगून ठेवतो. पाया पडलात तरी नाही!"

आवाज पुरुषाचा होता. म्हातारा, पण काय खुशीतला! हसण्यात भिजलेला, शेवटच्या शब्दावर उडी मारणारा. तिचा जीव भांड्यात पडला, आणि पडता पडताच तिला नवल वाटलं, की असा झकास आवाज आपण आजवर ऐकला कसा नाही. कानसेनबाईंनी डोक्यातले सगळे आवाज उलथेपालथे केले. ओळख पटेना.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

पलीकडचं हसू थांबलं. कुणीतरी घसा साफ केला. मग आवाज आला, सपाट, खालच्या पट्टीतला.

"हो. जेवलो. गोळ्या घेतल्या."

ते तिचे वडील होते.

"बरं," ती म्हणाली. पुढचा शब्द तिने काढला नाही, तो आपोआप निघाला. "ठेवते." आणि फोन ठेवून ती तशीच उभी राहिली, हातातल्या फोनकडे बघत.

वडील चौतीस वर्षं गणिताचे मास्तर होते. आई गेल्यापासून दोन तासांच्या अंतरावर एकटे राहायचे. ती रोज संध्याकाळी घरी जाताना बस थांब्यावरून त्यांना फोन करायची, एक दिवस चुकवायची नाही. जेवलात? जेवलो. गोळ्या? घेतल्या. बरं, ठेवते. चाळीस सेकंद, फार तर पन्नास. तिला वाटायचं, माणूसच अबोल. शाळेत तर दरारा होता. ती त्यांच्याच वर्गात होती, बाबा वर्गात नेहमी म्हणायचे, "दहापैकी दहा देवाचे, नऊ माझे, उरलेल्यात तुम्ही." त्या उरलेल्यातले तिला कधी सातच्या वर मिळाले नव्हते.

नवऱ्याने स्टूल उभं केलं, तिला बसवलं, पाणी दिलं. मग घडाघडा बोलला. आठ महिन्यांपूर्वी मास्तरांच्या चष्म्याचा नवा नंबर विचारायला त्याने दुपारी फोन केला होता. मास्तर झोपले होते. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "नाही नाही, जागाच आहे." ह्याला हसू फुटलं. मास्तर म्हणाले, "हसता काय? सगळं जग हेच करतं. ह्याला शब्द असायला हवा." आणि दोन दिवसांनी तीन वाजता त्यांचाच फोन: "जावईबापू, सापडला. जागसोंग. किती मार्क देता?" तेव्हापासून रविवार सोडून रोज तीन वाजता. एकमेकांच्या शब्दांना एकमेकांनी मार्क द्यायचे.

"आठ महिने!" ती म्हणाली. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"ते म्हणाले, तिला सांगू नका. तिला वेळ नसतो. उगाच तिच्या मागे आणखी एक काम."

सवत नव्हती, तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. कसलं काय! सवत बरी म्हणायची वेळ आली. सवतीने एक नेला असता. इथे तिचा नवरा तिच्या वडिलांनी नेला होता आणि तिचे वडील नवऱ्याने. दोघंही तिचे, आणि दोघांच्या मधे ती कुठे? तर संध्याकाळच्या चाळीस सेकंदांत. तिला आई गेली त्या वर्षी रडू आलं नव्हतं तितकं आता येत होतं, आणि ते दुःखाचं नव्हतं हे तिला पक्कं कळत होतं. शुद्ध मत्सराचं होतं. तिला नवऱ्याला दोन थपडा मारायच्या होत्या आणि वडिलांना विचारायचं होतं, हा आवाज माझ्यासाठी कधी का नाही काढलात?

मशीनच्या खिळ्याला काचा ठेवायचं कागदी पाकीट अडकवलेलं होतं. त्याच्या पाठीवर नवऱ्याच्या अक्षरात यादी होती. जागसोंग, नऊ. निरोपशेपूट, नऊ. टंकपुश्या, म्हणजे बराच वेळ टाइप करून शेवटी सगळं पुसणारा, आठ. तिने एकेक वाचलं. सगळ्यांत खाली एक शब्द होता, त्याच्यासमोरची जागा रिकामी.

हजेरीफोन.

"हा कुणाचा?"

"त्यांचा."

"मार्क का नाही दिलेस?"

नवरा चष्म्याच्या काचा पुसायला लागला. "हसू आलं नाही," तो म्हणाला.

तिने पाकीट परत खिळ्याला अडकवलं. अर्थ तिने विचारला नाही. तो तिला पाच मिनिटांपूर्वी कानात मिळाला होता. जेवलो, गोळ्या घेतल्या, हजर.

त्या संध्याकाळी तिने पहिल्यांदा फोन चुकवला. करायचा तर विचारायचं काय?

दुसऱ्या दिवशी तीनला पाच कमी असताना तिने नवऱ्याला निरोप पाठवला: 'आज तीन वाजता फोन करायचा नाही. माझा नंबर आहे.' पंधरा मिनिटांची चहाची सुट्टी होती. बाकीच्या तिघींपैकी दोघी फोनवर, एक चहा प्यायला गेलेली. तिने टेबलावर बसूनच स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला.

"हं," घोगरा आवाज. "हो, जेवलो. गोळ्या..."

"मी विचारलं का?" ती म्हणाली.

शांतता. तिलाही पुढचं सुचेना. ह्याच खुर्चीत बसून ती अनोळखी माणसांशी दोन दोन तास बोलली होती, त्यांच्या मांजरांबद्दल, सुनांबद्दल, गुडघ्यांबद्दल. आणि आता सख्ख्या बापाशी बोलायला तोंडात एक शब्द नव्हता. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता; तिचाही त्यांना येत असणार. अर्धं मिनिट गेलं. कुणीच 'ठेवतो' म्हणेना.

"झोपला होतात ना?" शेवटी तिने विचारलं.

"नाही नाही, जागाच होतो."

"जागसोंग!"

पलीकडे बारीकसं काहीतरी झालं. हसू नव्हतं अजून, पण दारापर्यंत आलं होतं.

"बाबा, माझा एक शब्द आहे. आत्ता झाला. फोनवर दोघं गप्प बसतात, नुसते श्वास ऐकू येतात आणि फोन कुणीच ठेवत नाही. त्याला म्हणायचं श्वासगप्पा."

त्यांनी विचार केला. तिचा जीव परीक्षेच्या निकालाला व्हायचा तसा झाला.

"सहा," ते म्हणाले.

"सहा?"

"शब्द गोड आहे, पण नेमका नाही. आणि भावनेचे मार्क मी देत नाही."

"आणि निरोपशेपूटला किती दिलेत?"

"नऊ."

"नऊ तर तुमचे असतात!"

"माझेच दिले."

"त्याला?" तिचा आवाज चढला. पलीकडच्या टेबलावरची मान वळली. "मला दहा वर्षं शिकवलंत, सातच्या वर एक मार्क नाही दिलात. आणि परक्या माणसाला, लिफ्टमधून निघालेल्या माणसाला, स्वतःचे नऊ?"

"तू कधी भांडलीस?" वडील म्हणाले. "सात मिळाले की सात घेऊन जायचीस. वही मिटायचीस. मी वाट बघायचो, ही विचारेल, बाबा, एक मार्क कुठे कापला? तू आपली 'बरं' म्हणायचीस. जावईबापू एकेका मार्कासाठी पाऊण पाऊण तास भांडतात माझ्याशी."

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली.

"मग आता विचारते," ती म्हणाली. "चार मार्क कुठे कापलेत, एकेक सांगा."

"वेळ आहे तुला?"

तिने घड्याळ पाहिलं. तीन वाजून चौदा मिनिटं. साहेब टेबलांच्या रांगेतून तिच्याच दिशेने येत होते, मनगटावर बोट ठेवून. तिने हात लांब केला, लाल पाटी ओढली आणि दोघांच्या मधे उभी केली. आत माणूस आहे. साहेब थबकले. हळूच ओठांनीच विचारलं, "बरा आहे ना?" तिने मान हलवली आणि साहेब पाय न वाजवता मागे वळले.

"आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "पहिला मार्क. बोला."

"पहिला मार्क," मास्तर म्हणाले, आणि त्यांचा आवाज वर चढला, कालचा, शेवटच्या शब्दावर उडी मारणारा. "पहिला मार्क गेला तो 'गप्पा'मुळे. बोलणंच नाही, तर गप्पा कसल्या, बाई?"

"हे तुम्ही त्याला म्हणाला असतात का? त्याचा असता तर आठ दिले असतेत!"

"साडेसात," वडील म्हणाले.

"बघा! बघा!" ती ओरडली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.